यजमान नसलेलं गाव



स्मृतिव्याख्यानात मागच्या गोष्टी काढायच्या त्या पुढच्यांना उपयोगी पडाव्यात म्हणून. आज मी जी गोष्ट काढणार आहे ती फार जुनी नाही. आपल्या डोळ्यांदेखत ती सुरू झाली आणि आपल्या डोळ्यांदेखत थांबली. पुण्याहून साधारण ६० किलोमीटरवर, मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी लवासा उभं आहे. स्वतंत्र भारतातलं पहिलं नियोजित डोंगरी शहर अशी त्याची ओळख करून दिली गेली होती. आज तिथे पाण्याकाठी रंगीत इमारतींची रांग दिसते, फिरण्यासाठी फरसबंद वाट दिसते आणि डोंगरउतारावर अर्ध्यावर सोडलेले सांगाडेही दिसतात. या ठिकाणाविषयी आपण आजवर बहुतेक दोनच प्रश्न विचारले. परवानग्या आणि जमिनींच्या व्यवहारात काय चुकलं, हा पहिला; डोंगराचं आणि पाण्याचं किती नुकसान झालं, हा दुसरा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. पण त्यांच्या गर्दीत तिसरा प्रश्न मागे राहिला. समजा, प्रत्येक परवानगी वेळेवर आणि चोख मिळाली असती, कर्जाचा प्रत्येक हप्ता फिटला असता, तर तिथे गाव वसलं असतं का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. लवासात पाहुण्याची सगळी सोय केली होती, पण यजमान कोण असेल हे कुणी ठरवलं नव्हतं. आणि यजमान नसलेल्या जागेत पाहुणा कितीही आला तरी गाव होत नाही.

आधी घटनाक्रम. नोव्हेंबर १९९६ मध्ये महाराष्ट्र शासनानं थंड हवेच्या ठिकाणांसारख्या प्रदेशात पर्यटननगरं आणि सुट्टीची घरं बांधण्यासाठी विशेष नियम केले. खासगी विकासकांनी डोंगरात नवी गावं उभारावीत, ही त्यामागची कल्पना. २००१ मध्ये मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतली १८ गावं या नियमांखाली आणली गेली. २००२ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळाची जलाशयाकाठची सुमारे १४१ हेक्टर जमीन ३० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं प्रकल्पाला मिळाली. हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी ही प्रकल्पामागची मुख्य भागधारक. आराखडा अमेरिकेतल्या एका मोठ्या वास्तुरचना संस्थेनं केला आणि त्याचं परदेशात कौतुकही झालं. सुमारे १०० चौरस किलोमीटरवर पाच नगरं आणि तीन लाखांची वस्ती, असं त्याचं रूप होतं. पहिलं नगर दासवे. त्याचा पाणकाठ इटलीतल्या पोर्तोफिनो या बंदरगावाच्या धर्तीवर घडवला गेला. २००८ मध्ये शासनानं प्रकल्प राबवणाऱ्या कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. त्यामुळे बांधणारा आणि बांधकामाला मंजुरी देणारा एकच झाला.

पुढचा भाग वर्तमानपत्रांतून आपल्याला माहीत आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं कारणे दाखवा नोटीस बजावली आणि काम थांबवलं. वर्षभरानं, नोव्हेंबर २०११ मध्ये, पहिल्या टप्प्याच्या २,००० हेक्टरला अटींसह मंजुरी मिळाली. मधल्या काळात भागविक्रीतून सुमारे २,००० कोटी रुपये उभे करण्याचा बेत अडला. २०१४ मध्ये तो लहान आकारात पुन्हा मांडला गेला, तरी तडीस गेला नाही. २०१७ मध्ये कंपनीचा नियोजन प्राधिकरणाचा दर्जा शासनानं काढून घेतला. ऑगस्ट २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. जुलै २०२३ मध्ये १,८१४ कोटी रुपयांची एक पुनरुज्जीवन योजना मंजूर झाली. पण ठरलेले पैसे भरले न गेल्यामुळे २०२४ मध्ये ती रद्द झाली आणि नवा खरेदीदार शोधण्याचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून तिथे घर घेतलं आणि ज्यांच्या हाती घराऐवजी दावेदारांच्या यादीतला क्रमांक आला, अशी शेकडो कुटुंबं या प्रक्रियेत अडकली आहेत. त्यांचं दुःख या घटनाक्रमात एका ओळीत बसतं, म्हणून ते लहान ठरत नाही.

आता यजमान म्हणजे काय, हे नीट सांगायला हवं. घरात यजमान तो, ज्याचं त्या घरावाचून चालत नाही. पाहुणे गेल्यावर भांडी तोच घासतो, कौलं तोच चाळतो आणि पावसाळ्याआधी पन्हळीही तोच साफ करतो. गावाचंही असंच आहे. रस्त्यावर दरड आली तर ती कुणाच्या रोजच्या वाटेवर आली? नळाला पाणी नाही म्हणून ग्रामसभेत कोण भांडेल? शाळेत मास्तर नाहीत म्हणून तालुक्याच्या कचेरीत कोण खेटे घालेल? ही माणसं ज्या वस्तीत आहेत ते गाव. लवासाच्या कल्पनेत या माणसांची जागा तीन जणांमध्ये वाटून टाकली होती. घर घेणारा बहुतांशी मुंबई-पुण्याचा. त्याचं हे दुसरं घर. शनिवार-रविवारी येणारा पर्यटक संध्याकाळी परतणारा. आणि कारभार कंपनीनं नेमलेल्या शहर व्यवस्थापकाकडे. लोकांनी निवडलेला नगराध्यक्ष किंवा नगरसेवक त्या रचनेत नव्हता. यांतल्या प्रत्येकाला तिथून निघून जाण्याची मुभा होती. दुसरं घर बंद ठेवता येतं, पर्यटक दुसरीकडे जाऊ शकतो आणि कंपनी दिवाळखोरीत जाऊ शकते. ज्याला जाणंच शक्य नाही, असा माणूस त्या आराखड्याच्या मध्यभागी नव्हता.

याच सह्याद्रीत आपल्याकडे तीन जुनी उदाहरणं आहेत आणि ती या मुद्द्याचा चांगला पुरावा आहेत. महाबळेश्वर, पाचगणी आणि माथेरान ही तिन्ही ठिकाणं इंग्रजी अमलात घडली, म्हणजे तीही एका अर्थानं नियोजित आणि परक्यांच्या सोयीसाठीच सुरू झालेली. त्यांतलं पाचगणी मला सर्वांत बोलकं वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जॉन चेसननं दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि ताईघाट या पाच गावांच्या परिसरात वस्ती वसवायला घेतली. त्यानं बंगल्यांसाठी जागा आखल्या, सिल्व्हर ओकसारखी झाडं आणली. पण त्याबरोबर त्यानं शिंपी, धोबी, खाटीक, भाजीविके, बांधकामाचे ठेकेदार अशा व्यावसायिकांना बोलावून बाजाराखालची जागा त्यांना राहायला दिली. ती जागा गावठाण म्हणून ओळखली गेली. गाव वसवायचं तर आधी गावठाण लागतं, हे त्या परक्या माणसाला उमगलं होतं. पुढे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम आलं, एकामागून एक निवासी शाळा आल्या. १९२२ मध्ये संजीवन विद्यालय उभं राहिलं. शाळेत शिक्षक लागतात, स्वयंपाकी लागतात, दूधवाला लागतो, आणि ते बाराही महिने लागतात. पाचगणीत पर्यटक येतात ते आधीच नांदत असलेल्या गावात.

महाबळेश्वराची कसोटी आणखी कठोर होती. १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमनं साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार करून हे ठिकाण मिळवलं आणि मुंबई इलाख्याचं सरकार उन्हाळ्यात तिथे जाऊ लागलं. १९४७ मध्ये हा सर्वांत मोठा पाहुणा कायमचा निघून गेला. ज्याच्यासाठी ते ठिकाण घडवलं तोच गेल्यावर ते ओस पडायला हवं होतं. तसं झालं नाही, कारण तोवर तिथे बाजारपेठ होती, नगरपालिका होती, आसपास शेती करणारी कुटुंबं होती आणि इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून कृष्णेच्या उगमाचं क्षेत्र होतं. या भागातली स्ट्रॉबेरी आज इतकी स्थानिक झाली आहे की २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. माथेरानमध्ये तर यजमान एकमेकांशी भांडताना दिसतात. हातरिक्षा बंद होऊन ई-रिक्षा याव्यात म्हणून हातरिक्षा ओढणारेच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. घोडेवाल्यांनी पोटाच्या काळजीनं त्याला विरोध केला. या भांडणाकडे मी आदरानं पाहतो. आपलं गाव कसं चालावं यावर ज्यांचा हक्क आहे आणि ज्यांचं पोट आहे, तेच असे भांडतात.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ही इंग्रजी ठिकाणं काही न्यायानं वसली नव्हती. डोंगरातल्या मूळ रहिवाशांना त्यांत सेवकाची जागा मिळाली, बंगले साहेबांचे आणि ओझी आपली. हे मला मान्य आहे, आणि ती गावं आदर्श आहेत असा माझा दावाही नाही. माझा दावा मर्यादित आहे. अन्यायानं सुरू झालेल्या त्या वस्त्यांतही सेवकाला राहायला जागा, मुलांना शाळा आणि काळाच्या ओघात मताचा हक्क मिळाला, आणि त्या वाटेनं सेवकाचा यजमान झाला. लवासाच्या रचनेत ही वाटच ठेवलेली नव्हती. एकोणिसाव्या शतकातल्या वसाहतीच्या राज्यात जे हळूहळू घडू शकलं, ते एकविसाव्या शतकातल्या प्रजासत्ताकात आराखड्यातूनच गळालं, ही गोष्ट आपण गंभीरपणे घ्यायला हवी.

आणि मोसे खोऱ्यात यजमान नव्हते असं नाही. हे खोरं शिवकाळापासून नावाजलेलं आहे. बाजी पासलकर याच खोऱ्याचे देशमुख, आणि धरणाच्या जलाशयाला त्यांचंच नाव आहे. दासवे, मुगाव, धामणओहोळ, गडले, साखरी ही नावं कुणी कचेरीत बसून शोधलेली नाहीत. माणसांच्या वावरातून ती रुळली आहेत. इथल्या लोकांनी त्याग एकदा आधीच केला होता. पुण्याला पाणी मिळावं म्हणून वरसगावचं धरण झालं आणि खोऱ्यातली सुपीक जमीन पाण्याखाली गेली. शेजारच्याच मुळा खोऱ्यात १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला होता. तिथली वेदना या तालुक्याला ठाऊक होती. लवासाच्या जाहिरातीत जे निळं पाणी होतं, ते नैसर्गिक तळं नव्हे. कुणाच्या तरी शेतांवर साठलेलं पाणी होतं. धरणातून उरलेली माणसं वर सरकली होती. पुढे प्रकल्पासाठी जमिनी घेतल्या गेल्या तेव्हा कातकरी, धनगर, महादेव कोळी कुटुंबांच्या आणि सीलिंगमध्ये वाटप झालेल्या जमिनींच्या व्यवहारांवर आक्षेप घेतले गेले, आंदोलनं झाली. त्या वादांचा निवाडा करण्याचं हे व्यासपीठ नाही. माझा मुद्दा एवढाच की, या डोंगराचा पाऊस, दरड, ओढा आणि वाट ज्यांना पाठ होती, ती माणसं भागीदार म्हणून आराखड्यात आली नाहीत. जमीन देणारे किंवा मजुरी करणारे म्हणून आली.

आता मुख्य आक्षेपाकडे वळतो. अनेक जाणकार म्हणतात, लवासा मेलं ते काम बंद करण्याच्या आदेशामुळे. ऐन भरात वर्षभर काम थांबलं, भागविक्री अडली, ग्राहकांचा विश्वास उडाला, व्याज मात्र वाढत राहिलं. या म्हणण्यात तथ्य आहे. कर्जावर उभ्या असलेल्या उद्योगाला एक वर्षाची खीळ फार महाग पडते. पण हा युक्तिवाद नीट पाहिला तर तो माझ्याच बाजूनं उभा राहतो. मंजुरी २०११ च्या अखेरीस मिळाली, दिवाळखोरी २०१८ मध्ये आली. या जवळपास सात वर्षांत जे बांधून झालं होतं त्याला स्वतःच्या पायावर उभं राहता आलं नाही. नवं बांधकाम थांबलं की जुनी वस्तीही कोमेजते, याचा अर्थ त्या वस्तीचा पोशिंदा बांधकामच होता. पुढचा बंगला विकला तर मागच्या बंगल्यासमोरचा दिवा लागणार, अशी ती व्यवस्था होती. कुठल्याही गावात वर्षभर नवं घर बांधलं गेलं नाही म्हणून गाव उठत नाही.

दुसरे म्हणतात, हे सारं पैशाच्या गणिताचं अपयश आहे. कर्ज बेताचं असतं आणि घरबांधणीच्या बाजारात मंदी आली नसती, तर चित्र वेगळं दिसलं असतं. कंपनी का बुडाली याचं हे चांगलं उत्तर आहे. पण कंपनी बुडणं आणि गाव बुडणं या दोन गोष्टी वेगळ्या राहायला हव्यात. गिरणी बंद पडली तरी गिरणगावातली माणसं राहिली, हाल सोसून राहिली, कारण घर, शेजार आणि मताचा हक्क गिरणीच्या मालकीचा नव्हता. लवासात रस्ता, पाणी, कचरा, दिवे, परवानगी हे सगळं एकाच ताळेबंदावर होतं. ताळेबंद फाटला तेव्हा सगळंच एकदम फाटलं. म्हणून ज्याला आपण आर्थिक कारण म्हणतो, त्याच्या मुळाशी कारभाराचं कारण आहे.

तिसरा आक्षेप असा की, लवासा ओसाड आहे हेच मुळात खरं नाही. सुट्टीच्या दिवशी तिथे गर्दी होते, काही कुटुंबं कायम राहतात, ख्राइस्ट विद्यापीठाचा परिसर चालू आहे. हे सगळं बरोबर आहे, आणि त्यातूनच मला शिकायला मिळतं. ज्यांचा गाजावाजा झाला त्यांतल्या अनेक गोष्टी आल्याच नाहीत. ऑक्सफर्ड विद्यापीठाचं केंद्र येणार ही घोषणाही हवेत विरली. पण जिथे विद्यार्थी आणि शिक्षक आठवड्याचे सातही दिवस राहतात, तो भाग टिकला. म्हणजे पाचगणीचा धडा इथेही खरा ठरला. जॉर्जियातल्या त्स्काल्तुबो या गावाचं उदाहरणही यासाठी पाहण्याजोगं आहे. औषधी झऱ्यांच्या त्या गावात सोव्हिएत काळात भव्य आरोग्यधामं होती, मॉस्कोहून थेट रेल्वे होती, कामगारांना सरकारच तिथे पाठवत असे. सोव्हिएत संघ संपला आणि पाहुणे आटले. पुढे अबखाझियातल्या युद्धातून परागंदा झालेली हजारो माणसं त्याच पडक्या आरोग्यधामांत येऊन राहिली. त्यांनी नक्षीदार सज्जांवर कपडे वाळत घातले, दालनांत चुली मांडल्या, मुलं वाढवली. पाहुण्यांसाठी बांधलेल्या त्या वास्तूंत दिवा लागला तो ज्यांना दुसरं घर नव्हतं त्यांच्यामुळे. अर्थात निर्वासितांच्या लाचारीवर कुठल्याही गावाची योजना करता येत नाही, करूही नये. पण वास्तूला जीव कोण देतं, हे तिथे उघड दिसतं.

शेवटचा आक्षेप सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. डोंगरातल्या तरुणांना काम हवं आहे. भातशेतीवर भागत नाही, म्हणून ते पुण्या-मुंबईकडे धावतात. मग पर्यटनाला विरोध करून त्यांच्या तोंडचा घास काढायचा का? माझा पर्यटनाला विरोध नाही. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी यजमान, मग पाहुणा. त्यासाठी डोंगरात उभ्या राहणाऱ्या कुठल्याही नव्या नगराला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, कारभार कोण करणार: तिथे राहणाऱ्यांनी निवडलेली संस्था, की जमीन विकणारी संस्था? दुसरा, पर्यटक एक वर्ष आलाच नाही तर तिथलं कोणतं काम चालू राहील? शाळा, दवाखाना, शेतमालावरची प्रक्रिया, असं काहीतरी बारमाही हवं. तिसरा, पाण्यावर आणि उतारावर आधीपासून कुणाचा हक्क आहे? मोसे खोऱ्याचं पाणी पुण्याच्या नळाशी बांधलेलं आहे आणि इथला पाऊस उतार सैल करतो. जुलै २०२४ मध्ये लवासात दरड कोसळून बंगल्यांवर आली, तेव्हा हा तिसरा प्रश्न डोंगरानंच विचारला. या तिन्हींची समाधानकारक उत्तरं जिथे मिळतील, तिथे पर्यटन स्थानिक तरुणाला नोकर करणार नाही. घरमालक, दुकानदार, वाटाड्या, सरपंच अशा नात्यांनी उभं करील.

ही चर्चा आज करायचं कारण आहे. सातारा जिल्ह्यात कोयना आणि कास यांच्या परिसरात नवीन महाबळेश्वर घडवण्याचा प्रकल्प पुढे सरकतो आहे. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ तिथे विशेष नियोजन प्राधिकरण आहे. सुरुवातीला सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतली २३५ गावं त्यात होती. नंतर आणखी गावं जोडली गेली. शेजारी सह्याद्री व्याघ्र राखीव क्षेत्र आहे, आणि कोयनेच्या धरणानं विस्थापित झालेल्यांच्या पिढ्या अजून पुनर्वसनाची वाट पाहत आहेत. इथे प्राधिकरण सरकारी आहे, खासगी नाही, हा फरक मी नाकारत नाही. सरकारी संस्थेला विधिमंडळापुढे उत्तर द्यावं लागतं. तरीही यजमान कोण, या प्रश्नाचं उत्तर संस्थेच्या मालकीतून आपोआप मिळत नाही. ते या गावांच्या ग्रामसभांना आराखड्यात हरकती नोंदवण्यापलीकडे काय अधिकार असेल, यातून मिळेल. नकाशावर विश्रामगृहाची जागा आखण्याआधी गावठाण वाढवायची जागा आखली आहे का, शाळेची आहे का, दवाखान्याची आहे का, हे पाहिलं की कळेल.

लवासा हे नाव कुठल्याही भाषेतून आलेलं नाही. ते मुद्दाम घडवलं गेलं. दासवे मात्र आधीपासून होतं. कंपनीचे कागद, न्यायाधिकरणाचे आदेश, नवे खरेदीदार यांतून लवासाचं पुढे काय होईल ते होवो. तिथे घर अडकलेल्यांना न्याय मिळावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण पुन्हा तिथे काही उभं करायचं असेल, तर सुरुवात दासव्यापासून व्हावी. जे पाहुणे येण्याआधी तिथे होते आणि पाहुणे गेल्यावरही तिथेच राहिले, त्यांना विचारून व्हावी. कोयनेच्या खोऱ्यात तर ही सुरुवात अजून वेळेवर करता येईल. तिथल्या गावांत आजही यजमान आहेत. आपण त्यांना त्यांच्याच घरात पाहुणे करू नये, एवढीच विनंती.